लुपेची चटई

लुपे माझ्या शेजारची. केवड्याच्या पातीची चटई विणण्यात आमच्या बेटावर तिचा हात धरणारं कुणी नाही. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. चटया विकून तिने एकुलती एक लेक लोसे वाढवली, ऑकलंडला धाडली. तिथे लोसेची मूत्रपिंडं निकामी झाली.

लुपे म्हणायची, "आवाजावरून काय कळतं दादा? 'बरी आहे' असं ती लहानपणी तापातही म्हणायची. तोंड दिसलं की कळतं."

पण तोंड बघायला डेटा लागतो. राजधानीच्या बेटावर दोन फोन कंपन्या भांडतात, म्हणून तिथे स्वस्ताई. आमच्या हापाई बेटांच्या टोकाला एकच टॉवर, एकच कंपनी. ती सांगेल तो भाव. एक चटई विकून घेतलेला पॅक फोनवरच्या चार भेटींत संपायचा.

मग कळलं, दर ठरवणाऱ्या सरकारी खात्यातल्या एक बाई लोकांचं म्हणणं ऐकायला येणार आहेत. गावाच्या वतीने बोलायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणून बोलायचं माझ्यावर आलं.

"लाजू नकोस हं," लुपेने बजावलं. "एवढंच म्हण, भाव परवडत नाही, आईला लेक दिसत नाही."

बाई आल्या. पाहुणा म्हटल्यावर डुकरं भाजली, कोनफळं शिजली, पाहुण्याच्या मानाचं पेय, कावा, घोळलं. लोसेसाठी विणलेली चटई लुपेने स्वतःच बाईंपुढे ठेवली. आमच्यात पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आणि आपल्या घरी जेवलेल्या पाहुण्याच्या तोंडावर कुरकुरही करत नाहीत.

मी उठलो. बाईंचे आभार मानले. सरकारचे मानले. टॉवरचेसुद्धा मानले.

"काही तक्रार?" बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

सगळ्यांच्या माना खाली. दाराशी लुपे दोनदा खोकली.

"आपण इतक्या लांब आलात, यातच सगळं आलं," मी म्हणालो. बाईंनी ते लिहून घेतलं.

चार महिन्यांनी निकाल आला. बाहेरच्या बेटांवरून तक्रार नाही, सबब दर आहेत तेच. पुढची सुनावणी तीन वर्षांनी.

लोसे तेवढं थांबली नाही, त्याच डिसेंबरात गेली. तिकडच्या चर्चमधला अंत्यविधी तिथेच राहणाऱ्या लुपेच्या भाच्याने फोनवर दाखवायला घेतला. शवपेटी दिसली, फुलं दिसली. स्तोत्र सुरू झालं आणि पॅक संपला. लुपे काळ्या पडद्याकडे बघत ते स्तोत्र शेवटपर्यंत गात राहिली. मीही गायलो.

त्यानंतर मी तक्रारीचा कागद लिहून पाठवला. मुदत संपल्याचं उत्तर आलं. ते घेऊन लुपेकडे गेलो. ती पात चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी त्यांना उपाशीच ठेवू दादा. मग तरी बोलशील."

मी हसलो. ती हसत नव्हती. थोड्या वेळाने तिने पातीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "ओढून धर," म्हणाली. मी धरून बसलो.