शुभेच्छुकांतला एक चेहरा

पिंपळे गुरवमध्ये वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्स बनवणारा गडी एकच, संघर्ष. वर भाऊंचा भलामोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची दाटी. इतके चेहरे कापून ठेवले होते की त्याच्या कॉम्प्युटरचा नुसता बाजार झाला होता. तरी गड्याला आपल्या शिस्तीचा कोण अभिमान! फोटोच्या फाइलला मोबाइलवरून आलेलं आकड्यांचं नाव तसंच राहू द्यायचा, पण तिच्या माहितीत, टॅगच्या रकान्यात, नाव टाकल्याशिवाय पुढं जायचा नाही.

त्या दुपारी अंजली आली. तिचे वडील खंडू, चाकणच्या कंपनीत फिटर. कामावर जाताना अपघातात गेले, मोबाइलचाही चुरा झाला. उद्या त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तिथं ठेवायला फोटो हवा होता. घरात फोटो होता तो त्यांच्या लग्नातला, काळ्याभोर मिशांचा.

"अलीकडचा एकच आहे, दादा. तुमच्याकडं फ्लेक्ससाठी पाठवलेला."

"आत्ता काढतो," संघर्ष म्हणाला. मित्र दिग्विजयनं फाइली शोधायचं नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्यात 'खंडू' टाइप केलं. काहीच नाही. पुन्हा केलं. शून्य. संघर्षच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फोन लावला.

"भावा, हे काय गळ्यात मारलंस? मी टाकलेले टॅग दिसतच नाहीत!"

"अरे राव, ते नुसतं फाइलचं नाव बघतं. सेटिंगमध्ये जाऊन टॅग चालू कर. मग एकदा सगळ्या फाइली वाचू दे त्याला."

चालू केलं. किती फाइली वाचून झाल्या ते दाखवणारी हिरवी पट्टी ढिम्म हलेना. समोर अंजलीचा चहा गार होत होता आणि हा माउस आपटत बसला होता, जणू आपटून फोटो बाहेर पडणार होता! एकदाची पट्टी भरली. 'खंडू' टाकलं. पुन्हा तेच, काही नाही.

आता शिव्या द्यायला सॉफ्टवेअरही उरलं नव्हतं. त्यानं सहज एका फोटोची माहिती उघडली आणि कपाळावर हात मारला. टॅग होता, पण ज्याचा वाढदिवस त्याच्या नावाचा. शुभेच्छुकांचे फोटो गठ्ठ्यानं यायचे, आणि हा पठ्ठ्या सगळे एकदम निवडून भाऊंचं नाव ठोकून मोकळा व्हायचा. बाकीचे चेहरे म्हणजे त्याच्या लेखी भरती.

"वडील कुणाच्या फ्लेक्सवर असायचे?" त्यानं ओशाळून विचारलं.

"सनीभाऊंच्या. दर वर्षी."

'सनीभाऊ' टाकताच पडदा चेहऱ्यांनी भरून गेला. संघर्ष खाली खाली सरकवत राहिला. दर वर्षी स्वतः कापलेले चेहरे, पण एकही ओळखता येईना. त्याला स्वतःचीच लाज वाटली. अंजलीनं मात्र चटकन बोट ठेवलं.

"हे पप्पा."

पिकलेल्या मिशा, कंपनीचा निळा शर्ट. संघर्षचा जीव भांड्यात पडला. त्यानं लगेच टॅगमधलं सनीभाऊंचं नाव पुसलं.

"ताई, पप्पांचं पूर्ण नाव सांगा. नीट टाकून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी सनीभाऊंच्या फ्लेक्सला लगेच सापडतील."

अंजली पडद्याकडं बघत होती.

"पुढच्या वर्षी कशाला शोधाल, दादा?"