आत्याबाईंच्या वयाचा चौरस

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंत होईपर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही. माझी आई आधीच गेली होती, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याची जालन्याच्या सळईच्या कारखान्यात पाळी असे. म्हणून शाळेतून रजा घेऊन मी केदारखेड्याला सासूबाईंकडे गेले. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण सणावारापलीकडे आमचं दोघींचं बोलणं झालेलं नव्हतं. त्या फार कमी बोलत. ताट आणून ठेवायच्या, मी जेवले की उचलून न्यायच्या.

मी हायस्कुलात गणित शिकवते. पडून पडून जीव कंटाळला, तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मी जादूचे चौरस मांडायला लागले. एकदा ताट न्यायला आलेल्या आत्याबाई थबकल्या.

"काय लिहून राह्यली?"

मी त्यांना सगळ्यात लहान चौरस दाखवला. एक ते नऊ आकडे, तीन ओळींत, प्रत्येक एकदाच. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज पंधराच.

"कुठूनबी?"

"कुठूनही. बघा करून."

त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. ताट खाली ठेवून, मांडी घालून बसल्या आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. आठही ओळी मोजल्या. उठल्या, ताट घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भांडी आवरून आल्या आणि म्हणाल्या, "आजचा दाखव."

मग रोज दुपारी हेच. मी मांडायची, त्या तपासायच्या. मी सोळा घरांचा चौरस सुरू केला, एक ते सोळा आकड्यांचा. त्यात प्रत्येक ओळ चौतीस भरते. एक दिवस त्या बराच वेळ कागदावर वाकून राहिल्या.

"हे बराबर न्हाई."

"बरोबर आहे, आत्याबाई. परत मोजा."

"तीनदा मोजलं. तिसरी उभी तेहतीस भरती. अन् खालची आडवी बी तेहतीस." त्यांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवत आणलं आणि त्या जिथे मिळत होत्या त्या घरावर टेकवलं. "हितं गडबड हाय."

मी तिथे पंधराऐवजी चौदा लिहिला होता. चूक शोधायची ही रीत मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवते, तरी निम्मी मुलं सगळा चौरस पुसून नव्याने मांडतात. आत्याबाईंना ती कुणी शिकवली नव्हती. मी तसं म्हटल्यावर त्या लाजल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते.

त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "कोनची बी बेरीज आनता येती का? माझं वय बसंल?"

"बसेल की. किती वय?"

त्या घुटमळल्या. "कार्डावर साठ हाय, एक जूनची तारीख. ती शाळंत गुरुजीनं टाकलेली. आई म्हनायची, हुरड्याच्या दिवसांत झाली. भाऊ म्हनतो, बासष्ट. माझं खरं कुनालाच ठावं न्हाई."

"तुम्हाला कुठलं पटतं?"

"भावाचं."

चौतीसच्या चौरसातल्या प्रत्येक घरात मी सात मिळवले. आठपासून तेवीसपर्यंतचे आकडे झाले आणि सगळीकडून बासष्ट यायला लागले. आत्याबाईंनी दहाही ओळी मोजल्या. मग कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली. "माझ्या वयाचा हिशेब कुनीच लावला न्हवता," एवढंच बोलल्या. त्या संध्याकाळी त्यांनी न विचारता माझ्या केसांना तेल लावलं.

आठव्या महिन्यात एका सकाळी माझ्या अंगावरून रक्त गेलं. शेजारच्यांची जीप काढून राजूरमार्गे आम्ही जालन्याला निघालो. माझं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. नवरा परस्पर दवाखान्यात येणार होता. आत्याबाईंनी पोलक्यातून तो कागद काढला आणि मोठ्यानं बेरीज करायला लागल्या.

"चौदा अन् एकोनीस... तेहतीस. अन् आठ... एक्केचाळीस. अन् एकवीस..." पुढे त्यांना येईना. "एकसष्ट," म्हणाल्या. मग, "त्रेसष्ट."

"बासष्ट, आत्याबाई."

"हां. बासष्ट. आता तू म्हन."

मी डोळे मिटून दुसरी ओळ म्हणायला लागले. दवाखान्याच्या दारापर्यंत आम्ही आळीपाळीनं तेच म्हणत होतो.

दुपारी मुलगी झाली, पावणेदोन किलोची. तिला पंधरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. आत्याबाई गावी परतल्या नाहीत. व्हरांड्यात चटई टाकून राहिल्या, आणि मला आत जायला मिळालं की बाहेर आल्यावर एकच विचारायच्या, "हात हलवून राह्यली का?"

पोरगी तगली. सव्वा महिन्यानंतर मी जालन्याच्या घरी आले आणि आत्याबाई केदारखेड्याला गेल्या. जानेवारीत, शिवारात हुरडा सुरू झाल्यावर, त्यांचा फोन आला.

"कागद-पेन घे. लिही."

त्यांनी सोळा आकडे सांगितले. मी मांडून बेरजा केल्या. उभ्या, आडव्या, तिरप्या, सगळ्या त्रेसष्ट. यातलं मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

"कसं केलं हो?"

"आठ दिवस लागले. आता मी त्रेसष्टची झाली ना, मंग एक वाढवायचा होता. सगळीकडं वाढवला तर चार वाढतात. एका ओळीत एकच पायजे. पन वाढवला की तोच आकडा दुसरीकडं बी निघायचा. मंग सगळ्यात मोठे चार धरले. तेवीसचा चोवीस केला, बावीसचा तेवीस. तसंच खाली विसापोतर आले. तू तपासलं का?"

"दहाही ओळी बरोबर आहेत, आत्याबाई."

पाळण्यात पोरगी कुरकुरायला लागली.

"ठेव फोन," आत्याबाई म्हणाल्या. "जल्दी घे तिला. भुकेजली असंल."