खडकाभोवतीचं पाणी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा जोरात चालायची. पण पाण्याचा विषय निघाला की गडी एकदम गप्प. लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचला, तेव्हापासून गुडघाभर पाणी पाहिलं तरी तो चार पावलं मागे सरायचा. थोरल्या बहिणीनं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘ससोबा’. पन्नाशी उलटली तरी ते सुटलं नव्हतं.

ही ताई आणि दाजी बऱ्याच वर्षांनी परगावाहून त्याच्याकडे आले होते. दाजींनी आल्या आल्या बेत जाहीर केला, “मेहुणे, दोन दिवस दुकानाला कुलूप. समुद्रावर जायचं!” सलूनवाल्याच्या बायकोला रजा मिळाली नाही, आणि ताईला नाही म्हणायची याची छाती नव्हती. गेले तिघंच.

पहिला दिवस झकास गेला. पत्ते, चहा, जुन्या आठवणी. लॉजच्या गॅलरीतून समुद्र बघायला त्याची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र दाजींना ओहोटीनं उघडा पडलेला एक मोठा खडक दिसला. “चला, तिथं बसून शेंगा खाऊ.”

“दाजी, इथंच बसू ना. वाळू काय वाईट आहे?”

“ससोबा, जमीन आहे सगळी कोरडी!” ताई हसली. मग जीव मुठीत धरून तोही निघाला.

खडकावर वारा छान होता. दाजी नोकरीतल्या साहेबांच्या नकला करत होते, ताई हसून लोटपोट होत होती. सलूनवाला हसत होता, पण डोळे मागे. ज्या वाळूवरून ते चालत आले, तिच्यावर आता पाण्याची एक पट्टी चमकत होती.

“ताई, पाणी आलं.”

“येऊ दे की, समुद्र आहे तो.”

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा पाहिलं. पट्टीचा ओढा झाला होता. “दाजी, उठा. आत्ताच्या आत्ता.” त्याचा आवाज इतका चिरका निघाला की दाजींची नक्कल अर्ध्यावर राहिली. त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “मला पोहता येत नाही रे,” ते पुटपुटले. ताईला हे तीस वर्षांच्या संसारात आज कळत होतं.

तिघांनी ओरडून पाहिलं. किनारा मोकळा होता, आवाज वाऱ्यानं खाल्ला. सलूनवाल्याला पाण्यात पाय घालायचा नव्हता. पण थांबलं तर पाणी वाढणारच, एवढं त्याला दिसत होतं.

“हात धरा. ताई मधे. कुणी सोडायचा नाही.”

पहिल्या पावलाला पाणी मांडीपर्यंत आलं, मग कमरेला. पायाखालची वाळू सरकत होती. तो मोठमोठ्यानं रडत होता आणि रडता रडता पुढे ओढत होता. एक लाट आली आणि दाजी ताईच्या हातातून निसटले. त्यानं अंदाजानं हात मारला. दाजींच्या टकलावर धरायला केस कुठले! बोटं घसरली, कॉलरवर अडकली आणि तिथंच मिटली. त्यानं खेचलं. कॉलर टराटरा फाटली, पण दाजी वर आले, खोकत, डोळे पांढरे.

कोरड्या वाळूवर तिघं पालथे पडले. खोलीवर दाजींना शर्टाची बटणं सोडवेनात. सलूनवाल्यानं सोडवली.

त्या रात्री कुणालाच झोप लागली नाही. लाटांचा आवाज येतो म्हणून ताईनं खिडकी लावली, तरी येत होता. शेवटी ती भावाच्या उशाशी येऊन बसली.

“अजून भीती वाटते का रे?”

“खूप वाटते गं.”

“मलाही,” ती म्हणाली आणि त्याचा हात धरून बसून राहिली. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते परत निघाले.