खालच्या आळीतले चिंचोके

सकाळी पसरलेल्या पायांवर पाच दिवसांची नात घेऊन सुगंधाबाई तिला तेल चोळत होत्या, तोच दाराची कडी वाजली. दारात अंगणवाडीची मोनाली.

"अक्का, चला लवकर, नकाशा मांडायचाय. गावातली बठ्ठी, एकूण एक पोरं तुमच्याच हातची."

"आज पाचवी शे माय आमच्याकडे. आडाचं पाणी आणायचंय."

"दुपारी आणा. आड काय पळून जातोय?"

भडगावजवळच्या त्या गावात चाळीस वर्षं सुईणपण त्यांनीच केलेलं. खालच्या आळीची रीत अशी, की पाचवीच्या दिवशी देवीच्या आडातलं पाणी आणायचं, त्यात घुटी उगाळायची आणि पहिलं बोट सुईणीनं बाळाला चाटवायचं. आज ते बोट नातीसाठी होतं.

अंगणवाडीपुढे बायांनी रांगोळीनं गल्ल्या आखल्या होत्या. मोनालीनं चिंचोके पुढे केले. "दहा वर्षांत ज्या घरचं लहान मूल गेलं, तिथे एक ठेवा. वहीत तीनच आहेत."

सुगंधाबाईंनी तीन ठेवले. मग चौथा.

"अक्का, तठे कुठलं पोर?" जमलेल्यांतली भटूची बायको म्हणाली.

"व्हतं. बारशाआधी गेलं."

बारशाआधी गेलेल्याला नाव नसतं, म्हणून त्याला कुणी मोजत नाही. घरातही कुणी विषय काढत नाही. पण चिंचोका टेकवला की सुगंधाबाईंच्या पोटऱ्यांवर एकेक वजन येऊन बसत होतं. हे हलकं. हे जरा जड. हे तेलानं निसटणारं. त्या मांडी घालून बसल्या होत्या, तरी पाय लांब पसरल्यासारखे वाटत होते. हात थांबेना.

अकरा झाले. सगळे खालच्या आळीत.

"वरच्या आळीत एक भी नही?" कुणीतरी कुजबुजलं. "देवीचं काही असेल."

"वरच्यांची घुटी मी नळाच्या पाण्यात उगाळते," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि रांगोळीत आडाच्या जागी त्यांनी बोट टेकवलं.

मोनाली हळूच म्हणाली, "पाणी तपासायला देते, अक्का. आठ दिवस लागतील. तोवर नक्की काही म्हणता येत नाही. पण बाळाला घुटी नकोच, नुसतं आईचं दूध."

"मग आज पाचवी?" भटूच्या बायकोनं विचारलं.

"पूजा करू," सुगंधाबाई म्हणाल्या. "पाणी आणायचं नाही. बोटही चाटवायचं नाही."

त्या उठायला गेल्या, पण पाय उचलेनात. मोनालीनं हात दिला. तो धरून त्या म्हणाल्या, "मोनाली, तपासणीचं कळलं की आधी मला सांग. त्या अकरा घरी मीच जाऊन सांगेन."