सकाळचं पहिलं पाणी

“पास झालं, आमचं पानी पास झालं,” चुलते विहिरीच्या काठावर उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की चाकणच्या हायवेवर कंटेनरवाल्यांनी ब्रेक दाबले असतील. “आयका रं समदी. बापजाद्यांनी पिल्यालं पानी हाय हे.”

विहीरही तशीच जबरी. लहानपणी मी तिच्यात खडा टाकला, तो बुडाल्याचा आवाज मी कंपनीत पर्मनंट झालो तरी आला नव्हता. पण वरच्या अंगाला पत्र्याच्या शेडी उठल्या, लोखंडावर मुलामा चढवायच्या, आणि पाण्याला वास यायला लागला. चुलत्यांचे पाय सुजले, जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, किडनीचं दुखणं आहे, हे पाणी बंद करा. चुलते म्हणाले, तपासून दाखवा, वाईट निघालं तर थेंब पिणार नाही. विकतच्या जारचं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी मेलेलं पाणी. ते घरात यायचं पाव्हण्यांपुरतं.

त्याच सुमाराला पाण्याचा अभ्यास करणारी एक मुलगी गावात आली. घरोघरी बाटली देऊन म्हणाली, सकाळी नळ सोडल्यावर येणारं पहिलं पाणी यात भरा, मला नमुना हवाय. आमच्याकडे नमुना म्हणजे चुलत्यांसारखा माणूस. शेजारी म्हणाला, “मग बाटली कशाला, ताई? ह्यांनाच घिऊन जा की.”

सकाळी काकीने नळ सोडला. विहिरीचं पाणी पिवळं आलं, रोज यायचं तसंच. पहिली बादली ती ओतूनच द्यायची. पाव्हण्या पोरीच्या हातात असलं पाणी कसं द्यायचं? तिने बाटली विसळली, जारचं पाणी गाळून भरलं आणि पदराने पुसून दिली.

आजूबाजूचं सगळं पाणी नापास, आमचं तेवढं पास. मुलगी घुटमळली. “काका, पुन्हा एकदा नमुना घेऊ या.”

“नापास हुईस्तवर परीक्षा घेनार व्हय, बाई?”

लोक असे हसले, की शेडीचे पत्रे उडायचे बाकी राहिले. चुलत्यांनी तिथंच तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. काकी दारात उभी होती.

पुढं डायलिसिस सुरू झालं. हा माणूस चार गड्यांच्यानं उचलत नाही, असं मी जगभर सांगत आलो होतो. त्यांना मी एकटा रिक्षातून उचलून उतरवायचो, आणि हाताला काही लागायचंच नाही. पाण्यानंच झालं का, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. उन्हाळ्यात चुलते गेले.

दहाव्यानंतर काकीने मला बाटलीची गोष्ट सांगितली. मी म्हणालो, “काकी, ते विहिरीवर ओरडत होते, तेव्हा तरी सांगायचंस.”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.”