वाढत्या अंगाची पॅन्ट

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आमच्याकडे रीत. पहिलं वर्ष पोरगं कपड्यात हरवायचं, दुसऱ्या वर्षी जरा माणसात यायचं, तिसऱ्या वर्षी घोटे उघडे. माझ्या वाट्याला ही गंमत आलीच नाही, कारण माझं अंग वाढतच नव्हतं. कात्रपच्या शाळेत मी रांगेत कायम पहिला, आणि माझी पॅन्ट फाटेपर्यंत मापाचीच. आई उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती. दिवसभर लोकांच्या पॅन्टी शिवायच्या आणि घरातली एक लांबवायची वेळ येत नाही, याचा तिला फार राग यायचा.

मग तपासण्या झाल्या. वाढीचं हार्मोन कमी पडतंय असं निघालं आणि रोज झोपताना इंजेक्शन सुरू झालं. ते आईच टोचायची. सुईशी तिची जन्माची ओळख, पण पहिल्या दिवशी माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

वर्षभरात फरक दिसला. त्या जूनमध्ये आईनं मला पहिल्यांदा वाढत्या अंगाची पॅन्ट घेतली आणि खाली चांगली चार बोटं दुमड घातली. दिवाळीच्या आतच ती थोडी उसवावी लागली. उसवताना आई गुणगुणत होती. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

थंडीत माझा डावा गुडघा दुखायला लागला. वांगणीची आत्या आली होती. ती म्हणाली, "दुखंलच रं बाला. हाडां वाढतान तं दुखतानच."

झालं! दुखणं ही आमच्या घरात आनंदाची बातमी ठरली. मी "दुखतंय" म्हटलं की आई तेल गरम करायची आणि चोळता चोळता "कुठे रे, कुठे?" असं कौतुकानं विचारायची. मलाही ते आवडायचं. मी लंगडायला लागलो तेव्हा ती शेजारणीला सांगत होती, "अहो, इतका भरभर वाढतोय, पायांना झेपत नाहीये."

डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की डोकं फार दुखलं, मांडी किंवा गुडघा दुखला, मूल लंगडायला लागलं तर लगेच या. आईनं मानही हलवली होती. पण तिच्या लेखी साइड इफेक्ट म्हणजे ताप, पुरळ, उलट्या. गुडघेदुखी तर तिला औषधाचा गुण वाटली.

एक दिवस शाळेच्या जिन्यात मी बसलो तो उठूच शकलो नाही. एक्स-रे काढला तो खुब्याचा. दुखत होता गुडघा, पण घसरलं होतं मांडीच्या हाडाचं खुब्यातलं टोक. डॉक्टर रागावले नाहीत. भरभर वाढणाऱ्या मुलांत क्वचित असं होतं, लंगडायला लागला तेव्हाच आणायला हवं होतं, एवढंच म्हणाले. ऑपरेशन करून स्क्रू बसवला. इंजेक्शन थांबलं. पुढे पुन्हा सुरू करता येईल म्हणाले, पण आईनं हात जोडले.

पाय वाचला, जरा आखूड राहिला. मला त्याचं फारसं दुःख नाही. लंगडतो, तरी धावती बस पकडतो. मला वाईट वाटतं ते आईचं. माझी नवी पॅन्ट आली की आजही ती न विचारता डावा पाय बोटभर आखूड करते, आणि तेव्हा गुणगुणत नाही. तुझी चूक नव्हती गं, असं सांगायला गेलो की मशीन जोरात चालवते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा पहिलीचा युनिफॉर्म घ्यायला आईला घेऊन आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, बोलका. म्हणाला, "माँजी, एक साइज बड़ा ले लो, बच्ची बढ़ेगी."

"नको. आत्ता बसतो तोच द्या."

"अगले साल फिर खर्चा होगा."

"होऊ दे."

म्हातारीला पैशाची मस्ती आलीय असं त्याला वाटलं असणार. मी हळूच म्हटलं, "आई, घेऊ या ना मोठा. वाढेल ती."

तिनं माझ्या तोंडाकडे नाही, डाव्या पायाकडे पाहिलं.

"वाढेल तेव्हा वाढेल," ती म्हणाली. "मला आता कुणाच्या वाढण्याची वाट नाही बघायची."