आईची भट्टी आणि तेलाचा मनोरा

दहावीच्या पुस्तकात एका उंच मनोऱ्याचं चित्र होतं. खालून तापलेलं कच्चं तेल आत जायचं आणि वरच्या वेगवेगळ्या नळ्यांतून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल बाहेर पडायचं. डांबर तळाशी राहायचं. एकाच काळ्या तेलातून इतकं सगळं कसं निघतं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. चाचणी दोन दिवसांवर आली होती. मी पुस्तक आपटलं आणि रडायला बसले.

आई परसात मोहफुलाची भट्टी लावून बसली होती. सालेकशाकडच्या आमच्या गावात देवाला, लग्नाला मोहाच्या दारूची पहिली धार लागायचीच, आणि ती काढावी तर माझ्या आईनंच.

"काऊन वं, कायले रडून राहिली?"

मी चित्र दाखवलं, कोणत्या नळीतून काय निघतं ते वाचून सांगितलं. आईला अक्षर येत नव्हतं, पण ती ते बराच वेळ न्याहाळत राहिली.

"हे तं आपली भट्टीच हाय. तापलं का वाफ होते, थंड झाली का थेंब पडते. जे लवकर उडते ते पहिले येते."

तिनं पहिल्या धारेचे चार थेंब निखाऱ्यावर टाकले. भक्कन जाळ झाला. "हे तुहं पेट्रोल," ती म्हणाली. मग बांबूच्या नळीखालचं मडकं बदललं. "आता येईल ते नरम, असं भडकनार नाही." मला इतका आनंद झाला, की मी तिच्या गळ्यातच पडले.

चाचणीत मी झोकात लिहिलं: आधी पेट्रोल येतं, मग भांडं बदलून रॉकेल धरावं, मग डिझेल.

सरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. पोरं खो खो हसली. "अगं, इथं भांडं कोणी बदलत नाही. मनोरा खाली गरम, वर थंड. जे लवकर उडतं ते वर जाऊन थंड होतं, जड ते खालीच. सगळं एकाच वेळी, आपापल्या उंचीवर निघतं. पण बाकीचं अगदी बरोबर आहे. कुणी शिकवलं?"

"गाईडमध्ये होतं," मी म्हणाले. दारू गाळणाऱ्या बाईची पोरगी म्हणून आणखी हसू नको होतं मला.

संध्याकाळी आईनं विचारलं, "सरले सांगतलं का, मीनं शिकवलं म्हनून?"

"हो," मी म्हणाले. ती दिवसभर उन्हात राबून आली होती, तरी त्या संध्याकाळी गुणगुणत भाकरी थापत होती.

पाच-सहा वर्षांनी सालेकशाच्या बाजारात सर भेटले. मी काही बोलायच्या आत आईच पुढे झाली. "सर, ते तेलाची भट्टी पोरीले मीनंच शिकवली होती. सांगतलं ना तिनं?"

मी मागून तिचा पदर ओढला. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं ना, बाई. अख्ख्या वर्गासमोर सांगितलं."

घरापर्यंत आई मला विचारत होती, पोरं काय म्हणाली, सर काय म्हणाले. मी एकेक रचून सांगत गेले. तिला ते फार आवडलं.

आता आई नाही. वर्गाला सांगायचं राहूनच गेलं, म्हणून इथं लिहिते. गाईडमध्ये तसलं काही नव्हतं. मला आईनं शिकवलं.